दोन दंडाधिकारी आणि एक संशयित

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर अधूनमधून एक बातमी येते आणि नाव-गाव वगळता तिचा मजकूर बहुतेक सारखाच असतो. अमुक पोलीस ठाण्याच्या हद्दीत गांजा विक्रीचे इतके गुन्हे दाखल असलेल्या इसमाला जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने, खटल्याविना प्रतिबंधात्मक कैदेची मुभा देणाऱ्या राज्याच्या एमपीडीए कायद्याखाली एका वर्षासाठी स्थानबद्ध करून त्याची मध्यवर्ती कारागृहात रवानगी करण्यात आली, असे त्यात म्हटलेले असते. त्या गुन्ह्यांपैकी किती शाबित झाले, हे मात्र अशा बातमीत मी आजवर वाचलेले नाही. मी जिल्हा व सत्र न्यायालयात सरकारी अभियोक्ता म्हणून काम केले, अमली पदार्थांचे खटले सरकारच्या बाजूने चालवले, काहींत शिक्षा मिळवली आणि काही हरलो. त्यामुळे आरोपींचा कैवार घेण्याची मला सवय नाही. तरीही जिल्हादंडाधिकाऱ्यांचा हा अधिकार, निदान अमली पदार्थांच्या प्रकरणांपुरता, काढून घेतला पाहिजे अशा मतापर्यंत मी आलो आहे आणि त्याची कारणे या पत्रात मांडतो.

सर्वसामान्य वाचकाला ‘दंडाधिकारी’ हा एकच शब्द ऐकू येत असल्यामुळे प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. न्यायालयात बसणारा न्यायदंडाधिकारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयात बसणारा जिल्हादंडाधिकारी या दोन निराळ्या व्यक्ती आहेत. न्याययंत्रणा आणि कार्यकारी यंत्रणा वेगळ्या असाव्यात असे राज्यघटनेचा अनुच्छेद ५० सांगतो, आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्या वेळच्या मुंबई राज्याने देशभराचा कायदा होण्याची वाट न पाहता १९५१ सालीच त्यासाठी स्वतःचा कायदा केला होता. अमली पदार्थांचा संशयित या दोघांपैकी कोणाच्याही हुकमाने तुरुंगात जाऊ शकतो, आणि या दोन वाटांमधला फरक माझ्या मते धक्कादायक आहे.

न्यायदंडाधिकाऱ्यांची वाट अशी. पोलिसांनी किंवा अमली पदार्थ नियंत्रण विभागाने पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत त्यांच्यासमोर उभे करावे लागते. त्याचा वकील तेथे हजर असतो, अटकेची कारणे त्याला दिली आहेत की नाहीत हे पाहावे लागते, आणि वरळीच्या मोटार अपघात प्रकरणातून निघालेल्या नोव्हेंबर २०२५ च्या निकालाने तर सर्वोच्च न्यायालयाने ही कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत देणे सर्व गुन्ह्यांसाठी बंधनकारक केले आहे. एवढे झाल्यावरही अमली पदार्थांसंबंधीच्या १९८५ च्या केंद्रीय एनडीपीएस अधिनियमाच्या कलम ३६-अ प्रमाणे विशेष न्यायालयापुढे चालणाऱ्या प्रकरणात न्यायदंडाधिकारी एकूण पंधरा दिवसांपलीकडची कोठडी देऊ शकत नाहीत. पुढचा निर्णय विशेष न्यायाधीशांचा असतो. ‘व्यापारी प्रमाणा’तील, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या प्रमाणातील, मालाच्या प्रकरणात तपासाला १८० दिवस मिळतात आणि ते एक वर्षापर्यंत वाढवताही येतात, परंतु त्यासाठी सरकारी अभियोक्त्याने तपासाची प्रगती आणि कोठडी वाढवण्याची नेमकी कारणे सांगणारा स्वतःचा अहवाल द्यावा लागतो. पोलिसांच्या अर्जावर ‘सादर’ एवढे लिहून पुढे पाठवणारा अभियोक्ता ते काम करीत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या काळात, १९९४ साली, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सांगितले आणि पुढे एनडीपीएसलाही लागू केले. असे अहवाल मी लिहिले आहेत. प्रत्येक वेळी समोर आरोपीचा वकील असे, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर मिळे.

आता दुसरी वाट पाहा. ज्याला आपण सोयीसाठी एमपीडीए म्हणतो त्या १९८१ च्या अधिनियमाचे मूळ नाव झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार एवढ्यांपुरतेच होते. पुढे त्यात धोकादायक व्यक्ती आल्या, चित्रपटांच्या चोरट्या प्रती दाखवणारे आले, वाळू तस्कर आणि काळाबाजारवाले आले, आणि आज हे नाव एका दमात वाचणे कोणालाही शक्य नाही. (कायद्याचे नाव लांबत जाते तेव्हा त्याचा वापरही सैल होत जातो, अशी माझी एक जुनी शंका आहे.) या कायद्याखालचा प्रस्ताव पोलीस ठाण्यात तयार होतो, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांच्या शिफारशीने पोलीस अधीक्षकांकडे जातो आणि तेथून जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचतो. जिल्हादंडाधिकारी कागद वाचतात, त्यांचे ‘व्यक्तिगत समाधान’ होते आणि आदेशावर सही होते. ज्या माणसाला वर्षभर डांबायचे आहे त्याचा चेहरा त्यांनी पाहावा, अशी कायद्याची अपेक्षाच नाही. चोवीस तासांत न्यायालयापुढे हजर करण्याचा आणि वकील देण्याचा हक्क अनुच्छेद २२ नेच प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतून वगळला आहे. आदेश बारा दिवसांत राज्य शासनाने मान्य केला नाही तर तो पडतो, हे खरे आहे. स्थानबद्धतेची कारणे पाच दिवसांत द्यावी लागतात आणि तीन आठवड्यांत प्रकरण स्थानबद्धतेची छाननी करणाऱ्या सल्लागार मंडळाकडे पाठवावे लागते, हेही खरे आहे. परंतु त्या मंडळापुढेही कैद्याला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क नाही. कायद्यात तीन-तीन महिन्यांचा उल्लेख आहे म्हणून कैदही तीन महिन्यांचीच, असा समज पूर्वी काही काळ होता. ते तीन महिने शासनाने जिल्हादंडाधिकाऱ्यांना अधिकार सोपवण्याच्या मुदतीचे आहेत, कैदेच्या मुदतीचे नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशच्या अशाच कायद्याबाबत २०२३ मध्ये स्पष्ट केल्यामुळे एका दमात बारा महिन्यांची वाट मोकळी झाली आहे.

म्हणजे जो अधिकारी न्यायाधीश आहे, ज्याच्यासमोर दोन्ही बाजू उभ्या आहेत, त्याच्या हाती पंधरा दिवस, आणि जो न्यायाधीश नाही, ज्याच्यासमोर फक्त पोलिसांची फाइल आहे, त्याच्या सहीने सुरू होणारी कैद वर्षभराची.

या वर्षाचे वजन समजून घेण्यासाठी गांजाचेच उदाहरण घेऊ, कारण जिल्हा पानांवरच्या बातम्या बहुधा गांजाच्याच असतात. एनडीपीएसखाली एक किलोपेक्षा कमी गांजा हे अल्प प्रमाण आणि वीस किलोपेक्षा जास्त हे व्यापारी प्रमाण. अल्प प्रमाणातील गांजाबद्दल खटला चालून, साक्षीपुरावा होऊन, गुन्हा शाबित झाल्यानंतर संसदेने ठेवलेली कमाल शिक्षा एक वर्षाची सक्तमजुरी आहे. २०१४ च्या दुरुस्तीपूर्वी ती सहाच महिन्यांची होती. आता समजा, बसस्थानकामागे पुड्या विकणाऱ्या एखाद्यावर असे तीन गुन्हे आहेत आणि तिन्ही खटले प्रलंबित आहेत. त्याला एमपीडीए लावला, तर एकाही खटल्याचा निकाल लागण्यापूर्वी तो त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेइतका काळ तुरुंगात काढून बाहेर येतो, आणि ही शिक्षा नव्हतीच, निव्वळ प्रतिबंध होता, असे आपण कागदावर म्हणत राहतो.

मोठ्या मालाच्या प्रकरणात याहून गंभीर विसंगती आहे आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणात एनडीपीएसच्या कलम ३७ मुळे जामीन मिळणे किती कठीण आहे, हे २०२० आणि २०२१ मध्ये मुंबईतील गाजलेल्या प्रकरणांच्या निमित्ताने साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिले आहे. अशा आरोपीला जामीन द्यायचा तर न्यायालयाला दोन गोष्टींबाबत स्वतःची खात्री करून घ्यावी लागते: आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण आहे, आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता नाही. हे दुसरे वाक्य पुन्हा वाचावे. हा माणूस बाहेर राहिला तर पुन्हा गुन्हा करील काय, याच प्रश्नाचे उत्तर विशेष न्यायाधीशांनी सरकारी अभियोक्त्याचा विरोध ऐकून, सकारण आदेशाने ‘नाही’ असे दिलेले असते. त्यानंतर काही आठवड्यांनी जिल्हादंडाधिकारी त्याच माणसाबाबत, त्याच गुन्ह्याच्या कागदांवरून, त्याच प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देतात. न्यायालयाचा आदेश चुकला असे शासनाला वाटत असेल तर जामीन रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाण्याचा राजमार्ग आहे. त्या मार्गाने न जाता जिल्हाधिकारी कार्यालयातून न्यायालयाचा निर्णय निष्प्रभ करणे हे अपिलाचे अधिकार महसूल खात्याला देण्यासारखे आहे. त्रिपुरातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्थानबद्धतेचा आदेश रद्द केला, त्यामागे हेच कारण होते: कलम ३७ ची कडक अट असूनही विशेष न्यायालयाने जामीन दिला होता, आणि ही कळीची बाब आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यापुढे पोलिसांनी ठेवलीच नव्हती.

याच संदर्भात आणखी एका निकालाची आठवण ठेवली पाहिजे. एप्रिल २०११ मध्ये तमिळनाडूच्या गुंडा कायद्याखाली एका ‘औषध गुन्हेगारा’ला स्थानबद्ध केल्याचे प्रकरण तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे आले होते. मुदत संपलेल्या औषधांवर नवी लेबले चिकटवून ती विकल्याचा आरोप होता, म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ होता आणि त्याबद्दल कोणालाही सहानुभूती वाटण्याचे कारण नव्हते. तरीही नेहमीचा फौजदारी कायदा पुरेसा असताना प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा आधार घेणे बेकायदा आहे, असे न्यायालयाने ठरवले. आपल्याकडचा नेहमीचा कायदा पुरेसा आहे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. वीस वर्षांपर्यंतची सक्तमजुरी, जामिनावर कलम ३७ ची कुलुपे, आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्याच्या कक्षेत आणलेले अमली पदार्थांचे गुन्हे, एवढी हत्यारे हाताशी असताना आणखी एक, तेही खटल्याविना चालणारे हत्यार कशासाठी लागते, याचे उत्तर गृह खात्याने दिले पाहिजे.

त्याचे खरे उत्तर मला न्यायालयातल्या अनुभवावरून ठाऊक आहे, आणि ते पोलिसांना आवडणारे नाही. आमचे खटले कशाने पडत असत? अंगझडतीपूर्वी आरोपीला एनडीपीएसच्या कलम ५० प्रमाणे त्याचा हक्क सांगितल्याचा विश्वासार्ह पुरावा नसे. मिळालेली खबर लेखी नोंदवून वरिष्ठांना कळवण्याची कलम ४२ ची तरतूद नंतर कागद तयार करून पाळल्याचे उलटतपासात उघड होई. पंच नेहमीचेच असत आणि कठड्यात उभे राहिले की फितूर होत. नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेत कधी गेले, मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात होते, सील कोणाचे होते, यांपैकी एखादा दुवा तुटलेला असे. संशयाचा फायदा आरोपीला मिळे आणि तपास अधिकारी बाहेर येऊन कायद्यालाच दोष देत. अशा अधिकाऱ्याला एमपीडीए हा मोठाच दिलासा आहे, कारण तेथे कलम ५० विचारणारा कोणी नसतो. तेथे लागतात दोन ‘गोपनीय साक्षीदार’, एक ‘अ’ आणि एक ‘ब’, आणि त्या दोघांचे जबाब. वेगवेगळ्या तालुक्यांतल्या प्रस्तावांतून मी असे जबाब वाचले आहेत. साक्षीदार रस्त्याने जात असतो, स्थानबद्ध इसम त्याला अडवतो, चाकू काढतो, खिशातले पैसे काढून घेतो आणि आजूबाजूचे लोक भीतीने दारे बंद करून घेतात. नावे नाहीत, ठिकाण मोघम आणि भाषा तीच. हा प्रसंग त्यात मुद्दाम लागतो, कारण त्याशिवाय ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ बिघडल्याचे दाखवता येत नाही.

सुव्यवस्थेचा हा मुद्दा तांत्रिक वाटला तरी सगळ्या प्रकरणाचा कणा तोच आहे. प्रत्येक गुन्ह्याने कायदा मोडतो, परंतु प्रत्येक गुन्ह्याने सार्वजनिक सुव्यवस्था मोडत नाही, हा भेद राम मनोहर लोहियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साठ वर्षांपूर्वी घालून दिला. औरंगाबाद खंडपीठाने कायम ठेवलेला हातभट्टीवाल्याच्या स्थानबद्धतेचा एमपीडीए आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला तो याच भेदाच्या आधारे. अमली पदार्थांबाबत मात्र आपल्या कायद्याने एक पळवाट ठेवली आहे. जीविताला किंवा सार्वजनिक आरोग्याला गंभीर वा व्यापक धोका झाला की सुव्यवस्था बिघडली असे ‘मानले जाईल’, असे स्पष्टीकरण व्याख्येतच आहे. गांजा आणि एमडी (मेफेड्रोन) आरोग्याला घातक आहेत हे निर्विवाद असल्यामुळे या ‘मानले जाईल’च्या आडून जिल्हादंडाधिकाऱ्यांना काहीही सिद्ध न करता पुढे जाता येते, आणि मग पुडीवाला आणि कारखानदार यांत फरक उरत नाही.

कारखानदार म्हटले की नाशिकजवळचे शिंदे गाव आणि दौंड तालुक्यातले कुरकुंभ आठवते. औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये मेफेड्रोन तयार होत होते हे २०२३ आणि २०२४ मध्ये उघडकीस आले, तेव्हा शाळकरी मुलांच्या पालकांप्रमाणे मीही हादरलो होतो. हा धोका मी कमी लेखत नाही. परंतु ज्या मोठ्या व्यापाऱ्यांसाठी प्रतिबंधात्मक कैद आवश्यक वाटली त्यांच्यासाठी संसदेने १९८८ साली स्वतंत्र कायदा केलेला आहे, आणि त्या कायद्यात स्थानबद्धतेचा आदेश काढण्याचा अधिकार केंद्रात सहसचिव आणि राज्यात सचिव या दर्जाच्या, खास अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांच्या खाली जाऊ दिलेला नाही. आंतरराष्ट्रीय तस्कराला डांबायला सचिव लागतो आणि बसस्थानकामागच्या पुडीवाल्याला डांबायला जिल्हा पातळी पुरते, यातले तर्कशास्त्र मला समजलेले नाही.

जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या तटस्थतेचाही प्रश्न आहे, आणि तो कोणा व्यक्तीवरचा आरोप नाही. अमली पदार्थविरोधी कारवाईच्या समन्वयासाठी केंद्राने जी चार स्तरांची रचना उभी केली, तिच्या जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हादंडाधिकारीच असतात. त्या बैठकीत ते पोलिसांना कारवाई वाढवण्यास सांगतात, किती प्रस्ताव आले याचा आढावा घेतात, आणि मग तेच प्रस्ताव त्यांच्याच टेबलावर निर्णयासाठी येतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत तर एवढेही अंतर नाही. तेथे पोलीस आयुक्तच आदेश काढतात, म्हणजे प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे एकाच खात्याचे असतात.

साक्षीदार घाबरतात, वस्तीतली माणसे न्यायालयात येत नाहीत, मग पोलिसांनी करायचे काय, असा प्रश्न मला विचारला जातो आणि तो खरा आहे. माझ्या खटल्यांत मी तो भोगला आहे. त्यासाठीच महाराष्ट्राने २०१७ साली साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. ‘अ’ आणि ‘ब’ यांना खरोखर चाकू दाखवला गेला असेल तर तो स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे. त्याची फिर्याद नोंदवून, त्यांना संरक्षण देऊन, तो न्यायालयापुढे नेण्याऐवजी त्यांचे जबाब पाकिटात बंद करून एका अधिकाऱ्याला दाखवणे याने साक्षीदाराची भीती जात नाही. वर्षानंतर तो इसम सुटून त्याच गल्लीत येतोच.

ज्यांना हे सारे अलीकडचे वकिली मुद्दे वाटतात त्यांनी एक जुने प्रकरण पाहावे. १९६१ साली नागपूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांनी एका माणसाला स्थानबद्ध केले आणि कारणे दिली इंग्रजीत. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदीत कारणे मागितली तर ती तोंडी समजावली आहेत असे उत्तर मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये त्याला मुक्त केले. मार्च २०२५ मध्ये, त्रेसष्ट वर्षांनी, नागालँडमधून आलेल्या अमली पदार्थांच्याच प्रकरणात तीच चूक पुन्हा न्यायालयापुढे होती: कारणे इंग्रजीत, स्थानबद्धांना इंग्रजी येत नाही आणि तोंडी समजावल्याचा दावा. आदेश रद्द झाला. परंतु असे आदेश रद्द होईपर्यंत वर्षातले बरेच महिने गेलेले असतात, आणि ते महिने परत देणारे न्यायालय अजून स्थापन झालेले नाही.

घटना समितीत सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आजच्या अनुच्छेद २२ चा मसुदा मांडला तेव्हा व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदात राहिलेल्या उणिवेची ही भरपाई आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ती भरपाई आणखी वाढवण्यासाठी १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सल्लागार मंडळाशिवायच्या कैदेची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली आणि मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीवर सोपवली. ते कलम अद्याप अंमलात आणलेले नाही. सर्व पक्षांची सरकारे येऊन गेली, त्यामुळे यात कोणा एका पक्षाला बोल लावता येत नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. एमपीडीएमधील ‘औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार’ हा वर्ग जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त यांच्या अधिकारातून विधिमंडळाने वगळावा, आणि खरोखर अपवादात्मक प्रकरणांसाठी १९८८ चा केंद्रीय कायदा पुरेसा मानावा. अमली पदार्थांच्या खटल्यांत दंडाधिकाऱ्यांची गरज आहे, पण ती न्यायालयात: जप्त मालाची यादी आणि नमुने कलम ५२-अ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर वेळेवर प्रमाणित झाले, डिसेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे ते तातडीने प्रयोगशाळेत पोहोचले, तर आज सुटणाऱ्या आरोपींपैकी कित्येकांना रीतसर शिक्षा होईल. तोपर्यंत जिल्हाधिकारी कार्यालयांनी आपल्या संकेतस्थळावर तीन रकाने प्रसिद्ध करावेत: वर्षभरात अमली पदार्थांच्या प्रकरणांत किती स्थानबद्धता आदेश काढले, त्यांतील किती जणांविरुद्ध पूर्वी एक तरी गुन्हा शाबित झाला होता, आणि किती आदेश शासनाने, सल्लागार मंडळाने किंवा न्यायालयाने रद्द केले. आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे की पुढच्या वेळी स्थानबद्धतेची बातमी देताना पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकाखाली यांतील मधला आकडा विचारून छापावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सरकारी अभियोक्ता